बाजारातील हवा आणि आपले गिऱ्हाईक
(संस्थेच्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



त्रिशरण-पंचशील झाले, पाहुण्यांचे स्वागत झाले. आता आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सिनेमा गाजतो, एखादे गाणे पोराटोरांच्या तोंडी बसते, एखादी बाहुली, एखादी केशरचना, एखादा पदार्थ चार महिने सगळीकडे दिसतो आणि मग नाहीसा होतो. अशा चालू हवेवर दुकानदाराने आपला धंदा वाढवावा की नाही, आणि वाढवायचा तर कसा, असा हा विषय आहे. विहाराच्या सभागृहात याची काय चर्चा, असे एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला काल विचारलेही. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, दादा, या विषयाने आपल्या वस्तीतल्या एका घराला बारा हजारांचा फटका बसला आहे आणि त्यात थोडा दोष आमचाही आहे. तेव्हा तो प्रसंगच आधी सांगतो.

२०१६ सालच्या २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काय वातावरण होते ते आपल्याला आठवत असेल. अजय-अतुल यांचे 'झिंगाट' लागले नाही अशी वरात नव्हती. शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचे कौतुक झाले. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा, बारावीनंतर शिक्षण सुटलेला, मे महिन्यात आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, टी-शर्ट छापून विकायचे म्हणतो. सैराटचे." आम्ही पाठ थोपटली. नोकरीच्या मागे न धावता आपला पोरगा धंदा करतो म्हणतो, याचा आम्हाला आनंद झाला. त्याच्या आईने महिला बचत गटातून पन्नास हजारांचे कर्ज काढले, त्या वेळी गटातल्या बायकांपुढे आम्हीच त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द बोललो.

हिशेब आजही आमच्या डोक्यात आहे. छपाईसकट एक शर्ट त्याला एकशे पंधरा रुपयांना पडला. विक्री दोनशे रुपयांना. पहिले शंभर शर्ट बारा दिवसांत संपले. साडेआठ हजार सुटले. घरात उत्सव. मग त्याने आणखी तीनशे शर्ट टाकले. त्या तीनशेचे छापून यायला तीन आठवडे लागले, पाऊस सुरू झाला, कॉलेजे उघडली, आणि पोरांच्या अंगावर दुसरेच काही दिसू लागले. गाणे वाजत होते, गणपतीत वाजले, पुढची कित्येक वर्षे वाजले. पण शर्ट कोणी घेईना. तीनशेतले सत्तर विकले. दोनशे तीस घरात पडून राहिले. चारशे शर्टांचे शेहेचाळीस हजार गेले, एकशे सत्तर विकून चौतीस हजार आले. बारा हजारांचा खड्डा. त्यावर बचत गटाचे व्याज वेगळे. बायकांच्या गटात कर्ज थकले तर बँकेची नोटीस येत नाही, शेजारीण येते. त्या माउलीने दोन वर्षे कोणत्या मनाने हप्ते भरले ते आम्ही पाहिले आहे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या मुलाची हवेची पारख चुकली नव्हती. पहिले शंभर शर्ट बारा दिवसांत खपले हे त्याचे पुरावेच आहेत. चूक झाली ती भांडवल कुठे गुंतवायचे यात.

आमच्या लहानपणापासून आम्ही एका धंद्याकडे कौतुकाने पाहत आलो आहोत, तो म्हणजे केशकर्तनालयाचा. २००३ साली 'तेरे नाम' आला, तेव्हा मध्ये भांग आणि कानांवरून खाली आलेले केस ठेवायची लाट आली. २००८ च्या डिसेंबरात 'गजनी' आला, आणि पोरे डोक्यावर रेघ ओढून घेऊ लागली. नाक्यावरच्या कारागिराने काय केले? नटाचा एक फोटो आरशाच्या कडेला चिकटवला. कात्री तीच, वस्तरा तोच, खुर्ची तीच. एक रुपयाचा माल त्याने त्या हवेत अडकवला नाही. हवा गेली तेव्हा फोटो काढला आणि दुसरा लावला. गंमत अशी की 'तेरे नाम'चे केस वाढवायला महिने लागतात, म्हणजे त्या काळात गिऱ्हाईक कमी झाले असेल. पण ते केस कापायला शेवटी त्याच खुर्चीत आले. शिंप्याचेही तसेच. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' नंतर माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीवरचे ब्लाऊज शिवून मागणाऱ्या बायका शिंप्याकडे रांग लावत होत्या. कापड गिऱ्हाइकाचे, शिलाई शिंप्याची. ज्याने त्या रंगाच्या साड्यांचे गठ्ठे भरून ठेवले त्याची कहाणी वेगळी.

आता ज्येष्ठ उपासकांच्या शंकेकडे वळतो. धम्मात धंद्याला स्थान आहे का? आहे, आणि फार सविस्तर आहे. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. बाकी व्यापार मोकळा आहे, एवढेच नव्हे तर तो नीट कसा करावा हेही सांगितले आहे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात दुकानदाराची उपमा येते. चांगल्या दुकानदाराचे तीन गुण तेथे सांगितले आहेत. तो डोळस असतो, म्हणजे अमुक माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतके सुटतील हे त्याला कळते. तो घेण्या-विकण्यात कुशल असतो. आणि त्याला आश्रय असतो, म्हणजे पैसेवाले गृहस्थ त्याला ओळखतात, हा बायकामुले सांभाळून आपले पैसे वेळेवर परत देईल अशी त्यांना खात्री असते, म्हणून ते त्याला भांडवल देतात. तिसऱ्या गुणाकडे पुन्हा येऊ. तोच आमच्या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे.

त्याआधी जातक कथांपैकी चौथी कथा, चुल्लकसेट्ठी जातक. लहान मुलांना मेलेल्या उंदराची गोष्ट म्हणून ती ठाऊक असते. वाराणसीचा शेठ रस्त्याने जाताना मेलेला उंदीर पाहून म्हणाला, हुशार माणूस एवढ्यावरही संसार उभा करील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर उचलून एका मद्याच्या दुकानदाराला मांजरासाठी एका कवडीमोल नाण्याला विकला. त्या नाण्याचा गूळ घेतला, घागरभर पाणी घेतले आणि रानातून फुले घेऊन परतणाऱ्या माळ्यांना वाटेत गूळपाणी दिले. त्यांनी मूठ मूठ फुले दिली. ती विकली. एके दिवशी वादळ झाले, राजाच्या बागेत फांद्यांचा खच पडला. त्याने माळ्याला विचारून, मुलांना गूळ देऊन सगळी लाकडे फाटकाशी गोळा करून घेतली. राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी सरपण हवेच होते. मग नगराच्या वेशीजवळ पाण्याचा रांजण ठेवून पाचशे गवतकाप्यांची तहान भागवली. त्यातून ओळखी झाल्या. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सांगितले की उद्या घोड्यांचा सौदागर पाचशे घोडे घेऊन येतो आहे. त्याने प्रत्येक गवतकाप्याकडून एकेक भारा मागितला आणि माझे गवत विकेपर्यंत तुम्ही विकू नका म्हणाला. एक हजार कार्षापण मिळाले. पुढे बंदरात जहाज आले तेव्हा त्याने असेच आधी पोहोचून दोन लाख मिळवले, आणि त्यातले एक लाख त्या शेठपुढे कृतज्ञतेने नेऊन ठेवले.

घोड्यांच्या गवताचा सौदा आम्हाला पूर्णपणे पटत नाही, हे कबूल करतो. त्यात अडवणूक आहे. परंतु या तरुणाचे वर्तन पाहा. वादळ, घोडे, जहाज या सगळ्या चार दिवसांच्या गोष्टी. त्याने प्रत्येकीचा उपयोग केला. पण वादळ येईल म्हणून त्याने सरपणाची वखार भरून ठेवली नाही. त्याचा कायमचा माल एकच होता: पाणी आणि गूळ, आणि ते प्यायलेल्या माणसांची ओळख. सौदागराची बातमी त्याला कोणी दिली? ओळखीच्या माणसाने. गवत कोणी दिले? ज्यांना त्याने पाणी पाजले होते त्यांनी.

अगदी हीच गोष्ट आपल्या देशातल्या एका मोठ्या सहकारी संस्थेने साठ वर्षे केली आहे. गुजरातेतील आणंद येथे १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला, त्याचे लोणी 'अमूल' नावाने आपण खातो. १९६६ साली जाहिरातीचे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आले. त्यांनी आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती खट्याळ मुलगी निर्माण केली. मुंबईतल्या चौकांत तिचे फलक लागले. पुढे लक्षात आले की रोज तेच चित्र पाहून लोक कंटाळतात. म्हणून गावात ज्याची चर्चा असेल त्यावर ती मुलगी बोलू लागली. साठच्या दशकाच्या शेवटी हरे कृष्ण पंथाची लाट आली, तिच्या जपाच्या चालीवर लोण्याची ओळ रचली गेली. क्रिकेट, निवडणुका, सिनेमे, संप, सगळे त्या फलकावर येऊन गेले. डॉ. वर्गीस कुरियन यांनी प्रत्येक फलक आधी आपल्याला दाखवा असा आग्रह धरला नाही, डाकुन्हा यांना मोकळीक दिली; कारण चर्चेचा विषय मंजुरीच्या कागदात अडकला तर शिळा होतो. सिनेमा उतरला की फलक उतरतो. पण लोणी तेच राहते. अमूलने एखाद्या सिनेमाच्या नावाचे वेगळे लोणी काढून गोदामे भरली नाहीत. हवा फलकावर, भांडवल दुधात. आमच्या त्या मुलाने भांडवलच फलकावर लावले.

आपण म्हणाल, अमूलजवळ पैसा होता, आमच्या पोराजवळ काय आहे? येथे तो तिसरा गुण येतो, आश्रय. पैसेवाल्यांचा विश्वास.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या विद्वानाने शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. तो चालला नाही. सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले म्हणून. डोळसपणा आणि कुशलता हे दोन गुण बाबासाहेबांइतके त्या काळी मुंबईत किती जणांजवळ होते? तिसरा गुण समाजाने त्यांना मिळू दिला नाही. बाबासाहेब तेथून कॉलेजात, मग लंडनला, मग देशाच्या राजकारणात गेले आणि आपले भाग्य उजळले. पण आपल्यातला जो साधा माणूस दुकान टाकतो त्याला परत जायला लंडन नसते.

आपल्या मुलांना हवेच्या धंद्याची ओढ का वाटते, याचे खरे कारण आम्हाला येथे दिसते. खानावळ काढली की लोक आडनाव विचारतात. किराणा दुकान काढले की घाऊक व्यापारी उधारी देताना वडिलांचे नाव विचारतो. पण सिनेमाचा शर्ट, मोबाइलचे कव्हर, दिवाळीतली नवी खेळणी विकत घेणारा विकणाऱ्याकडे पाहतच नाही. त्याला वस्तू हवी असते, आणि ती आजच हवी असते. तेवढ्यापुरते आपण सगळ्यांच्या बरोबरीचे दुकानदार होतो. म्हणून त्या मुलाला मूर्ख म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडलो. त्याला बरोबर कळले होते की अनोळखी गिऱ्हाईक जातीचा दाखला न मागता आपल्यापर्यंत येण्याचा हा एक दरवाजा आहे.

फक्त तो दरवाजा लवकर बंद होतो. आणि जो आडनाव न विचारता आला तो नाव न विचारता निघूनही जातो. ते एकशे सत्तर लोक कोण होते, हे त्या मुलाला माहीत नव्हते. एकाचाही फोन नंबर त्याने ठेवला नव्हता. त्यांतल्या कोणाच्या भावाचे लग्न होते, कोणाच्या शाळेला खेळाचे गणवेश हवे होते, कोणाच्या मंडळाला कापडी फलक हवे होते, हे त्याने विचारले असते तर दुसरी तीनशेची खेप टाकायची गरजच पडली नसती. त्याने हवेचा माल विकला आणि गिऱ्हाईक सोडून दिले. आमच्या मते करायचे ते उलटे आहे: हवेवर थोडेच कमवावे, आणि आलेले माणूस धरून ठेवावे.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवायला. बचत गटाच्या पन्नास हजारांपैकी शेहेचाळीस हजार एकाच वस्तूत घालणे या उपदेशात कुठे बसते? त्या वेळी हे सुत्त आम्हालाही पाठ होते. मुलाला सांगायचे सुचले नाही.

दुसरे उदाहरण येवल्याचे. येवले म्हटले की आपल्याला १३ ऑक्टोबर १९३५ आठवते, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती भूमी. बाकीच्या महाराष्ट्राला येवले म्हटले की पैठणी आठवते. २००४ साली आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' हा दूरदर्शन संचावरचा कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी जाऊन वहिनींना पैठणी देण्याचा. आधी लग्नातच दिसणारी पैठणी रोज संध्याकाळी घराघरात दिसू लागली. २०२२ मध्ये तर अकरा लाखांची पैठणी बक्षिसाला लावली गेली आणि तिच्यावर पुष्कळ टीकाही झाली. पैठणीच्या नावाला या कार्यक्रमाने जी प्रसिद्धी मिळाली ती विणकराला कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती. पण हवेचा फायदा अस्सल माल करणाराच घेतो असे नाही. हातमागावर एक पैठणी विणायला आठवडे, कधी महिने लागतात. यंत्रमागावरची तशीच दिसणारी साडी भराभर निघते आणि पैठणी या नावानेच खपते. ज्या विणकराने गिऱ्हाइकाला घरी बोलावून माग दाखवला, साडीची मागची बाजू उलटून विणकाम कसे ओळखायचे ते शिकवले, त्याला त्या हवेचा टिकाऊ उपयोग झाला. अस्सल पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळालेले आहे. परंतु कायद्याचा शिक्का गिऱ्हाइकाला दिसत नाही, विणकर दिसतो.

कायद्याचे निघालेच आहे तर विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चालू हवा सगळ्यांची असते, पण तिच्यातला चेहरा, नाव आणि चित्र कोणाच्या तरी मालकीचे असते. दिल्ली उच्च न्यायालयात २०१२ साली असे प्रकरण झाले. एका सराफाने अमिताभ व जया बच्चन यांचे दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीतले छायाचित्र आपल्या फलकावर लावले होते. निकाल सराफाच्या विरुद्ध गेला. २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे आणि २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांचे नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्याला त्याच न्यायालयाने मनाई केली. 'झकास' आणि 'भिडू' हे आपले रोजचे शब्द, पण त्यांच्या चेहऱ्याला जोडून ते विकायला गेलात तर अडचणीत याल. आमच्या त्या मुलाच्या शर्टांवर नट-नटीचे चेहरे होते. त्याला कोणी नोटीस पाठवली नाही, हे केवळ तो फार छोटा होता म्हणून.

आता जरा नाजूक विषय. हवेच्या बाजारात आपलेही काही विकले जाते. फेंगशुईची लाट आली तेव्हा भेटवस्तूंच्या दुकानांत ढेरपोट्या, हसणाऱ्या 'लाफिंग बुद्धा'च्या मूर्ती भरल्या. दहाव्या शतकातील बुदाई नावाच्या एका चिनी भिक्षूची ती प्रतिमा आहे, शाक्यमुनी बुद्धाची नव्हे. जपानात तिला होतेई म्हणतात. आपल्याच काही घरांत ती देव्हाऱ्यासारखी ठेवलेली आम्ही पाहिली आहे. ठेवायला हरकत नाही, पण कोणाची आहे ते मुलांना सांगा.

म्यानमारमध्ये २०१४ च्या डिसेंबरात यांगून शहरातल्या एका मद्यगृहाने स्वस्त दारूच्या रात्रीची जाहिरात करताना कानांना हेडफोन लावलेल्या बुद्धाचे चित्र वापरले. विदेशात बुद्धाच्या चेहऱ्याची, अशा संगीताची फॅशन होतीच; तीच हवा त्यांनी उचलली. मोठा क्षोभ झाला. २०१५ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडचा व्यवस्थापक आणि त्याचे दोन बर्मी सहकारी यांना अडीच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मद्याच्या जाहिरातीत तथागतांची प्रतिमा आली याचा आम्हालाही राग आला होता. पण दीघ निकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, तथागत भिक्षूंना सांगतात की कोणी माझी, धम्माची, संघाची निंदा केली तरी रागावू नका. खरे-खोटे काय ते शांतपणे दाखवून द्या. चुकीच्या चित्रासाठी अडीच वर्षे दगड फोडायला लावणे हे त्या उपदेशात बसत नाही. आपल्यातल्या काही तरुणांना आमचे हे मत आवडणार नाही. तरी ते मांडतो.

उलट बाजूही आहे. १४ एप्रिल, दीक्षाभूमीवरचा अशोक विजयादशमीचा मेळा, ६ डिसेंबरचे दादर, येथे रस्त्याकडेला बाबासाहेबांची चित्रे, निळे फेटे, बिल्ले, पुस्तके विकणारे बहुतेक आपलेच लोक आहेत. त्यांना 'बाबासाहेबांचा धंदा करता' म्हणून हिणवणारे शहाणे आम्हाला पसंत नाहीत. आपल्या घरांत बाबासाहेबांची तसबीर आली ती अशाच फेरीवाल्यांच्या खांद्यावरून. २०२१ साली सूर्या या नटाचा 'जय भीम' हा तमिळ चित्रपट आला, न्यायमूर्ती के. चंद्रू यांनी वकील असताना लढवलेल्या १९९३ च्या एका खटल्यावर आधारलेला, तेव्हा हे दोन शब्द आपले नसलेले लोकही उच्चारू लागले. त्या हवेत कोणी या शब्दांचे शर्ट विकले असतील तर विकू देत. त्यांच्यासाठी आमची एकच विनंती आहे, शर्टाबरोबर तो खटला काय होता याचा चार ओळींचा कागद द्या. छपाईचा खर्च काही पैसे येईल.

कारण 'सैराट'चे काय झाले ते आम्ही विसरू शकत नाही. एक पाटलाची मुलगी, एक खालच्या मानलेल्या जातीचा मुलगा. दोघे पळून जातात, कष्ट करतात, संसार उभा करतात, आणि शेवटी तिच्याच माणसांकडून त्यांच्या घरात कापले जातात. रक्ताने भरलेल्या पावलांनी बाहेर येणारे ते तान्हे मूल पाहून चित्रपटगृहात स्मशानशांतता पसरत असे. बाजाराने त्यातले काय उचलले? बुलेट आणि 'झिंगाट'. ज्या घरांत मुलीने जातीबाहेर पाहिले तर तिचे शिक्षण बंद होते, त्याच घरांच्या वरातीत ते गाणे वाजले आणि वाजते. यात मंजुळे यांचा दोष नाही. त्या शर्टांवरही बुलेटच होती. ती छापताना त्या मुलाला, आणि ते शर्ट कौतुकाने हातात घेताना आम्हाला, त्या पावलांची आठवण झाली नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. उरलेल्या दोनशे तीस शर्टांतले काही त्याने रंगकाम करणाऱ्यांना मातीमोल भावाने दिले, काही जयंतीनंतर मैदान झाडणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांना फुकट वाटले. २०१८ च्या मार्चमध्ये बचत गटाचे कर्ज फिटले. छपाईचे काम मात्र तो शिकला होता. आता तो शाळांचे खेळाचे गणवेश, मंडळांचे फलक आणि लग्नातले छापील शर्ट करतो, तेही आधी आगाऊ पैसे घेऊन. कोणते गाणे चालू आहे, कोणता नट चालू आहे, याचे नमुने दुकानाच्या काचेवर असतात. आत मात्र कोरे कापडच असते. गिऱ्हाइकांची वही त्याने घातली आहे, ती आम्ही पाहिली, तीत सहाशेच्या वर नावे आहेत.

२०२५ मध्ये लबूबू नावाच्या दात विचकलेल्या बाहुलीची हवा आली तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने दोनशे बाहुल्या मागवायचे ठरवले. थोरल्याने नाही म्हटले नाही, होही म्हटले नाही. त्यांची आई, जी आज या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली आहे, ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मागव की. पण हवा गेल्यावर किती उरतील ते आधी सांग, म्हणजे मी तेवढी जागा पलंगाखाली करून ठेवते." त्याने वीस मागवल्या.